ओकचे पिंप आणि बाभळीचे चाक

ओक म्हटले की मराठी माणसाला आधी आडनाव आठवते. मग मुंबईतला शरद पवारांचा ‘सिल्व्हर ओक’ बंगला आठवतो. झाड काही कोणाला आठवत नाही, आणि त्यात कोणाचा दोषही नाही. आडनाव अस्सल कोकणातले, झाड अस्सल परमुलखातले. दोघांचे नाते केवळ उच्चारापुरते. आणि सिल्व्हर ओक हा तर मुळात ओकच नव्हे. तो ऑस्ट्रेलियातून आलेला, चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावला जाणारा उंच वृक्ष. त्याच्या लाकडावरची नक्षी ओकच्या लाकडासारखी दिसते, तेवढ्यावरून साहेबाने त्याला ते नाव देऊन टाकले.

खऱ्या ओकच्या जगात साडेचारशेच्या आसपास जाती आहेत. सह्याद्रीत किंवा सातपुड्यात त्यांतली एकही आपण होऊन उगवत नाही. हिमालयात मात्र आहेत. नैनिताल, मुक्तेश्वर, बिनसर करून आलेली मराठी मंडळी लालभडक बुरांशाचे फोटो हमखास दाखवतात. त्याच्या शेजारी जे काळपट हिरवे, खरबरीत सालीचे झाड उभे असते ते बांज, म्हणजे हिमालयातला ओक. कुमाऊँ-गढवालमधल्या बाया त्याचा पाला गुरांसाठी डोक्यावरून वाहून आणतात, पुरुष त्याच्या लाकडाचे नांगर आणि कुऱ्हाडीचे दांडे करतात. बांजाचे रान असले की झरे आटत नाहीत, असे तिथली माणसे सांगतात. नांगर आणि दांडे हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे.

मात्र ओक आपल्या घरात कधी आलाच नाही असे म्हणता येणार नाही. माझे आजोळ निफाड तालुक्यातले सायखेडा, गोदावरीच्या काठचे. तिथे आजीच्या फडताळात गुटीचा एक बटवा असे. त्यात वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, हिरडा, जायफळ, सुंठ, खारीक आणि एक करडी, गाठीगाठींची, सुपारीहून लहान गोळी. ते मायफळ. बाळाचे पोट बिघडले की सहाणेवर आईच्या दुधात त्याचे दोन वळसे जास्त द्यायचे, हा घरोघरचा नियम होता. (आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच देऊ नये असे सांगतात, आणि ते ऐकावे.) नाव मायफळ असले तरी ते फळ नव्हे. तुर्कस्तान, सीरिया, इराण या भागांत ओकची एक बुटकी जात होते. एक चिमुकली गांधीलमाशी तिच्या कोवळ्या फांदीत अंडे घालते. झाड त्या अंड्याभोवती स्वतःच्या पेशींची गाठ बांधते, आणि आतली अळी त्या गाठीतच वाढते. ही वाळलेली गाठ म्हणजे मायफळ. तिच्या निम्म्याहून अधिक वजन टॅनिनचे, म्हणजे जिभेला आवळून धरणाऱ्या तुरट द्रव्याचे. म्हणजे महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी बोलायला शिकण्याआधी ओक चाटलेला आहे!

हीच गाठ कुटून त्यात हिराकस घातला की युरोपातली शाई होत असे. हजारभर वर्षे तिकडचे दस्तऐवज याच शाईने लिहिले गेले. आपले मोडी कागद काजळाच्या शाईचे, म्हणून ते अजून काळेभोर दिसतात; इंग्रजी दप्तरातली अक्षरे तांबूस पडली आणि कुठे कुठे तर त्यांनी कागदच खाल्ला.

दुसऱ्या वाटेने ओक आला तो मैदानावर. क्रिकेटच्या चेंडूच्या पोटात कॉर्क असतो, आणि कॉर्क ही एका जातीच्या ओकची साल. पोर्तुगालमध्ये ही झाडे मुद्दाम राखतात. झाड पंचवीसेक वर्षांचे झाले की पहिल्यांदा साल सोलायची, मग दर नऊ वर्षांनी पुन्हा. झाड मरत नाही, नवी साल धरते. खिडकीची काच फोडून पळालेल्या आपल्या पोरांना पोर्तुगीज शेतकऱ्याचा हा धीर कुठून ठाऊक असणार!

तिसरी वाट अगदी अलीकडची. १९९९ मध्ये गंगापूर धरणाजवळ सुला वायनरी उभी राहिली, २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि निफाड तालुक्यातच विंचूरला वाईन पार्क आले. निफाडची बहुतेक द्राक्षे आजही खाण्याचीच. दारूसाठी जाणारा वाटा लहान. पण त्या लहान वाट्याच्या मागोमाग फ्रान्समधून आणि अमेरिकेतून ओकची पिंपे आली. गेल्या हिवाळ्यात मी अशा एका वायनरीत गेलो होतो. प्यायचा माझा वकूब बेताचाच, मला पाहायचे होते लाकूड.

गार, अंधाऱ्या खोलीत पिंपे ओळीने आडवी निजलेली होती. एकेकात सव्वादोनशे लिटर. मधे फुगीर, दोन्ही तोंडांशी निमुळती, अंगावर लोखंडाची कडी. एकही खिळा नाही, डिंक नाही, सरस नाही. हे होते कसे? ओकचा ओंडका करवतीने न कापता रेषेरेषेने फोडतात. फ्रेंच ओकच्या बाबतीत हा नियम फार कडक, कारण रेषा तुटली की लाकूड पाझरते. अमेरिकेतल्या पांढऱ्या ओकच्या नळ्या आतून निसर्गतःच बुजलेल्या असतात, तो करवतीने कापला तरी चालतो. फोडलेल्या फळ्या उघड्यावर रचून दोन-तीन वर्षे ऊन-पाऊस खाऊ देतात. मग त्या कड्यात उभ्या करून मधे जाळ करायचा. उष्णतेने फळ्या लवचिक होतात आणि दोराने आवळत आवळत त्यांना बाक देता येतो. तोच जाळ आतली बाजू हलकी भाजून काढतो आणि त्यातून तो व्हॅनिलासारखा, किंचित धुरकट वास दारूत उतरतो. लाकूड श्वास घेते, थोडी हवा आत सोडते, थोडी दारू बाहेर उडू देते. उडून जाणाऱ्या भागाला फ्रान्सात ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीच्या पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के उडते, बंगळुरूच्या हवेत दहा टक्क्यांच्या वर. देवदूतांच्या बाबतीतही उष्ण प्रदेशात खर्च जास्तच.

एका मोठ्या ओकमधून जेमतेम दोन पिंपे होतात. झाड दीडशे-दोनशे वर्षांचे, आणि एका फ्रेंच पिंपाची किंमत हजार युरोच्या घरात. तीन-चार वेळा भरले की त्याचा वास संपतो. मग ते अंगणात कुंडी म्हणून उभे राहते.

पिंपाचे कडे बघत असताना मला सायखेड्याच्या सुतारनेटावरची धाव आठवली. वाचकांपैकी ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना धाव सांगायला नको. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी म्हणजे धाव. सुताराने तुंब्यात आरे ठोकायचे, आऱ्यांवर पुठ्ठे बसवायचे, म्हणजे चाक दिसायला पुरे झाले. पण हाताने हलवले तर ते खुळखुळते. मग लोहार चाकाच्या घेरापेक्षा जराशी तोकडी धाव करतो. गोवऱ्यांच्या आरात ती लाल होईतो तापवायची. लोखंड तापून फुगले की चिमट्यांनी उचलून चाकावर घालायची आणि वरून घागरी रिकाम्या करायच्या. शूं करून वाफ उठते, जळक्या लाकडाचा वास येतो, लोखंड आकसते आणि सगळे सांधे कडकड आवाज करत एकमेकांत घट्ट बसतात. फ्रान्सचा पिंपवाला आणि निफाडचा सुतार एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण खिळा न मारता लाकूड लोखंडाच्या मिठीत ठेवायचे, ही अक्कल दोघांना आपापल्या जागी सुचली.

आणि ते चाक असे बाभळीचे. आमच्याकडे ओकचे काम बाभळीनेच केले, असे मला वाटते. सागाचा मान मोठा. तो वाड्याच्या खांबांना, तुळयांना, दरवाज्यांना. पण जिथे मार सोसायचा तिथे बाभूळ. सागाच्या जवळजवळ दुप्पट कठीण लाकूड. चाकाचा तुंबा बाभळीचा, आरे बाभळीचे, जू, शिवळा, कुळवाचे दिंड, नांगराचे रुमणे, कुऱ्हाडीचा दांडा, उखळ-मुसळ, तंबूची मेख, सगळे बाभळीचे. शिवाय डिंक लाडवाला, काडी दातवणाला, शेंगा शेळ्यांना, काटेरी फांद्या कुंपणाला. साल चर्मकाराला, कोल्हापुरी चपलेच्या कातड्याला तो रंग आणि चिवटपणा येतो तो बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने. युरोपात हेच कातडे ओकच्या सालीत कमावले जाई. टॅनिन हा शब्दच ओकच्या एका जुन्या केल्टिक नावावरून आला असे मानतात.

साम्य इथे संपत नाही. इंग्लंडच्या आरमाराला सरळ ओकइतकाच वाकडा ओक हवा असे. जहाजाच्या फासळ्या आणि डेकखालचे कोन हे नैसर्गिक बाक असलेल्या फांदीतून काढले तरच टिकत, कारण रेषा वळणाबरोबर वळलेली असते. १७६५ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘व्हिक्टरी’ जहाजाला सुमारे सहा हजार झाडे लागली, त्यांत बहुतेक ओक. पुढे तिकडे ओकची इतकी ओढाताण झाली की आरमाराची जहाजे मुंबईच्या गोदीत, वाडियांच्या हाताखाली, मलबारी सागाची बांधून घ्यावी लागली. १८१७ मध्ये इथे बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या धक्क्यात तरंगते आहे. आता आपला लाकडी नांगर डोळ्यांपुढे आणा. त्याचे खोड जिथे वळते तिथे जोड नसतो. सुतार पावसाळ्याआधी बांधाबांधाने हिंडत असे आणि बाभळीच्या वाकड्या फांद्या हेरून ठेवत असे. ‘या फांदीत नांगर आहे’ असे तो म्हणायचा, जणू नांगर आधीच आत बसला आहे आणि याला फक्त बाहेर काढायचा आहे.

तोडलेली बाभूळ लगेच कामाला घेत नसत. ओंडके महिनोन्‌महिने पाण्यात बुडवून ठेवत. सायखेड्याला पाण्याची काय वाण! गोदावरीच्या चिखलात ओंडके पडलेले असत. आम्ही पोरे त्यांच्यावरून उड्या मारत असू. पाण्यात राहिले की रस निघून जातो, कीड लागत नाही, आणि वाळताना लाकूड फाटत नाही, असे सुतार सांगत. फ्रान्समध्ये फळ्या पावसात ठेवतात त्याच्याशी हे ताडून पाहावे.

इथवर दोन्ही झाडांची कुंडली जुळते. फरक पडतो तो पुढे. १६६९ मध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने फ्रान्सच्या जंगलांसाठी कडक कायदा केला. तोड कुठे, किती वर्षांनी, बियांसाठी कोणती झाडे राखायची हे ठरवून दिले. शेळ्यामेंढ्यांना मज्जाव केला. हेतू काही पवित्र नव्हता, लढाऊ जहाजे हवी होती. त्रोंसे नावाच्या जंगलात तेव्हा राखलेले ओक वाढेवाढेपर्यंत जहाजे लोखंडाची झाली. आरमाराला लाकूड नको झाले, पण जंगल उभे होते, राखणीची रीत उभी होती, आणि आज त्याच जंगलाचे लाकूड पिंपांसाठी जगभर नावाजले जाते. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे छप्पर जळाले, तेव्हा आठशे वर्षांपूर्वीसारखे ओकचेच पुन्हा बांधायचे ठरले आणि देशभरातून दोन हजारांच्या आसपास ओक त्यासाठी निघाले. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले. एवढे जुने लाकूड मागितल्याबरोबर मिळाले, कारण कोणीतरी दीडशे वर्षे ते नातवंडांच्या नातवंडांसाठी राखले होते.

बाभळीला दीडशे वर्षे लागत नाहीत. पंधरा-वीस वर्षांत ती सुताराच्या उपयोगाची होते. म्हणजे ज्याने राखली त्यालाच तोडायला मिळते. तरीही ती कोणी राखली नाही, कारण ती राखावी लागते हेच कोणाच्या ध्यानात आले नाही. ती लावलेली नव्हतीच. शेळ्यांनी शेंगा खाव्यात, लेंड्यांबरोबर बी बांधावर पडावे, पावसाने ते उगवावे, आणि मालकाने कुळवताना रोप चुकवावे, एवढीच तिची लागवड. ती फुकट येत होती, आणि फुकट आलेल्या वस्तूची नोंद आपल्याकडे कोण ठेवतो? वसंत बापटांनी तिच्यावर कविता लिहिली, हाच काय तो तिचा सत्कार. महाराष्ट्रात खाजगी जमिनीवरची झाडे तोडण्याबाबत १९६४ चा कायदा आहे. त्याच्या यादीत साग, चंदन, आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ, हिरडा, खैर अशी सोळा नावे आहेत. बाभूळ त्यात नाही. यादी करणाऱ्यांना बाभूळ संपू शकेल असे वाटलेच नसणार.

आधी गाडीचे चाक रबरी टायरचे झाले. मग नांगर लोखंडाचा झाला, मग ट्रॅक्टर आला. सुताराने बांधावर हिंडणे सोडले, आणि त्याच्यामागोमाग बाभळीचा हिशेब वीटभट्टीवाल्याने घेतला. तो फांदीतला नांगर बघत नाही, टन बघतो. द्राक्षबागेला सावली चालत नाही, काटा चालत नाही, आणि बांध तर जितका अरुंद तितका बरा. सायखेडा, चांदोरी, करंजगाव या पट्ट्यात एका एका गुंठ्याचा भाव पाहिला तर शेतकऱ्याला नावे ठेवण्याचे धाडस मला तरी होत नाही. चौदा-पंधरा हात सावली टाकणारे झाड बांधावर ठेवायचे म्हणजे द्राक्षाच्या किती वेली घालवायच्या, हे तो बोटांवर सांगतो.

आता बाभूळ उरली आहे ती नदीकाठी आणि खाली नांदूरमध्यमेश्वरच्या फुगवट्याच्या कडेला. जानेवारी २०२० मध्ये या पाणथळ जागेला रामसर दर्जा मिळाला, महाराष्ट्रात पहिला. लोक दुर्बिणी घेऊन पक्षी पाहायला येतात. बगळे, पाणकावळे संध्याकाळी ज्या झाडांवर उतरतात ती बहुतेक बाभळीची, पण दुर्बीण पक्ष्यावरच थांबते. पाण्यात महिनाभर पाय बुडाले तरी तगून राहणारी झाडे आपल्याकडे फार नाहीत. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरी सायखेड्याच्या बाजारपेठेत शिरली, पुलाला पाणवेलींचे ढिगारे अडकले. पाणी ओसरल्यावर काठावर गाळ उरला, आणि त्या गाळातही जुन्या बाभळी तशाच उभ्या होत्या.

काठावरून वर आले की उजव्या हाताला सुतारबाबांचे नेट लागते. वय ऐंशीच्या पलीकडे, पण वाकस अजून हातात सरळ उतरतो. हल्ली काम काय, असे विचारले तर म्हणाले, “काय असणार, भाचे? दारं-खिडक्या प्लायवूडच्या. पोरगं नाशिकला फर्निचर करतं. मधी शर्यतीला परवानगी भेटली तवा दोन-चार छकडे झाले.” बैलगाडा शर्यतींवरची बंदी डिसेंबर २०२१ मध्ये उठली, त्याची ही गोष्ट. छपराखाली त्यांनी बाभळीचा एकच ओंडका ठेवला आहे, मधे छान बाक असलेला. वीटभट्टीवाला दोनदा विचारून गेला. बाबांनी दिला नाही. त्याचे काय करणार, तेही सांगितले नाही.

ओंडक्याशेजारी चार-पाच बाकदार फळ्या टेकवून ठेवलेल्या होत्या, एका बाजूने जांभळ्या-काळ्या पडलेल्या. कुठल्याशा वायनरीतून मोडके पिंप आले होते, त्याची बसायची स्टुले करून हवी होती. बाबांनी एक फळी उचलून माझ्या नाकाशी धरली.

“आंबूस वास येतो. पण लाकूड इमानी आहे. रेघ बघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत तुटली नाही. कुठलं झाड म्हणायचं हे?”

मी नाव सांगितले, देश सांगितला, दोनशे वर्षांचा हिशेब सांगितला. त्यांनी फळीवर बोटाने टकटक केले, नख रोवून पाहिले.

“काटे असतात का याला?”

“नाही.”

“मग शेळ्यांनी ठेवलं कसं?” असे म्हणून त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि फळीवर मापाची खूण करायला घेतली.